गोठ्यातला पुरावा घ्यायचा तर पुरता घ्या

वाळवा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

"आमच्या संकरित गायीला जुळं झालं, एक खोंड आणि एक कालवड. कालवड दीड महिन्याची आहे, पण वागणं सगळं खोंडाचं. ढुशा मारते, भावावर चढते. त्यात एक गावरान कोंबडी महिनाभर आरवतेय. सासूबाई म्हणतात अपशकुन आहे, कापून टाका. पण माझं खरं दुखणं मुलांचं आहे. मुलगा आठ वर्षांचा. भातुकली मांडतो, माझ्याशेजारी बसून भाकरी थापतो आणि तालमीचं नाव काढलं की रडतो. मुलगी सहा वर्षांची. तिला झाडावरून उतरवावं लागतं, खेळण्यातला ट्रॅक्टर झोपतानाही सोडत नाही. सासरे म्हणतात, 'गोठ्यात बघ. वळू वळूसारखा वागतो, गाय गायीसारखी. त्यांना कोणी शिकवलं? पोराला तूच बिघडवलंस.' जाऊबाई शिक्षिका आहेत, त्या म्हणतात की पोरं कोरी पाटी असतात, सगळं संस्कारानं होतं. एका ओळखीच्यांनी तर मुलाला पुरुषपणाचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. खरं कोणाचं?"

ताई, सप्रेम नमस्कार. आधी कालवडीचं बघू. तिच्यात तुमचे पैसे अडकलेत, आणि मुलांच्या प्रश्नाची वाटही तिच्यावरूनच जाते.

खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड शंभरात नव्वदहून अधिक वेळा वांझ निघते. पशुवैद्यक तिला फ्रीमार्टिन म्हणतात. गाय गाभण राहिल्यावर साधारण पाच-सहा आठवड्यांत दोन्ही गर्भांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात आणि रक्त इकडून तिकडे फिरू लागतं. खोंडाच्या वृषणातली संप्रेरकं (हार्मोन) त्या रक्तातून कालवडीकडे जातात, तिचं बीजांड खुरटतं आणि गर्भाशय अर्धवट राहतं. वरून ती कालवडच दिसते. काहींच्या निरणाच्या (योनीच्या बाहेरच्या भागाच्या) खालच्या टोकाला लांब केसांचा झुपका असतो, पण सगळ्यांना नसतो. त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नका.

खात्रीचा मार्ग असा. डॉक्टरांना बोलावून योनीमार्गाची खोली मोजून घ्या. करंगळीएवढी जाड, गोल टोकाची प्लास्टिकची नळी लिक्विड पॅराफिन लावून आधी किंचित वरच्या दिशेनं आणि मग सरळ आत सरकवतात. या वयाच्या चांगल्या कालवडीत ती 12 ते 15 सेंटिमीटर जाते, फ्रीमार्टिनमध्ये 5 ते 8 वरच अडते. चूक होते ती इथेच. नळी सरळ खालून घातली तर मूत्रमार्गाच्या तोंडाशी किंवा पडद्याच्या घडीत अडकते आणि चांगली कालवडही वांझ ठरते. जोर लावला तर इजा होते, म्हणून हे काम घरी करू नका. शंका राहिली तर रक्ततपासणी करा. फ्रीमार्टिनच्या रक्तात मादीच्या पेशींबरोबर नराच्या पेशीही सापडतात. रक्त कोणत्या नळीत घ्यायचं ते प्रयोगशाळेला आधी विचारा, कारण चाचणीप्रमाणे नळी बदलते. पहिल्या वेतापर्यंत कालवड सांभाळायला दोन-अडीच वर्षांचा चारा लागतो, त्यापुढे तपासणीचा खर्च काहीच नाही. वांझ निघाली तर गाभण राहील म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. आणि तपासणीआधी विकूही नका, कारण दहातली एखादी चांगली निघते.

तिच्या ढुशांवरून मात्र काहीच ठरत नाही. दीड महिन्याची सगळीच वासरं ढुशा मारतात आणि खेळताना एकमेकांवर चढतात. खोंड जास्त, कालवडी कमी, एवढाच फरक. मोठ्या गायीही गायीवर चढतात आणि त्यात जगावेगळं काही नाही. उलट माज ओळखण्याची ती सगळ्यात भरवशाची खूण आहे. फक्त बघायचं ते खाली थांबणाऱ्या गायीकडे. जी हलत नाही, ती माजावर. सकाळी दिसली तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशी एकमेकींवर क्वचितच चढतात, म्हणून त्यांचा माज चुकतो. म्हणजे ज्याला आबा, तुमचे सासरे, वळूचं वागणं म्हणतात, ते तुमच्या गोठ्यात दर एकवीस दिवसांनी एखादी गाय करतेच आहे. एखादी गाय मात्र सतत हंबरत असेल, माती उकरत असेल, दर चार-सहा दिवसांनी माजावर येत असेल तर बीजांडावर गाठ झाली असण्याची शक्यता असते. तिला औषध आहे, डॉक्टरांना दाखवा.

आता कोंबडी. तिला कापायचं काही कारण नाही. कोंबडीचं डाव्या बाजूचं बीजांडच काम करतं, उजवं जन्मापासून खुरटलेलं असतं. डावं आजारानं किंवा गाठीनं निकामी झालं की कधी कधी उजव्या बाजूचा तो अवशेष वाढतो आणि नराचं संप्रेरक सोडायला लागतो. मग तुरा वाढतो, लाल होतो, पायाला आऱ्या फुटतात, अंडी थांबतात आणि ती आरवते. कळपात कोंबडा नसेल तर वरचढ कोंबडी कसल्याही आजाराशिवायही आरवते. अंडी घालतेय का ते पंधरा दिवस बघा. बंद असतील आणि पोट फुगलेलं किंवा अंग वाळलेलं वाटलं तर वेगळी ठेवून डॉक्टरांना दाखवा. आरवण्याचा संबंध तिच्या पोटातल्या ग्रंथीशी आहे, तुमच्या घरातल्या बऱ्यावाईटाशी नाही.

हे रक्तातलं प्रकरण शोधलं गेलं तेही कोंबड्यांवरच. 1849 साली जर्मनीत अर्नोल्ड बर्थोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले. तुरा खुरटला, आरवणं आणि झुंजणं गेलं. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा कुठेतरी बसवला, ते पुरते कोंबडे झाले. जुनी नस जोडलेली नसतानाही असं झालं, म्हणजे जे काही होतं ते रक्तातून जात होतं. पुढे 1959 मध्ये अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात गाभण गिनीपिगांना नराचं संप्रेरक टोचलं. त्यांच्या मादी पिल्लांनी मोठेपणी माद्यांसारखं वागणं कमी केलं आणि नरासारखं चढणं वाढवलं. मोठ्या मादीला तेच संप्रेरक दिलं तर परिणाम तात्पुरता राहतो. गर्भात असताना मिळालं तर मेंदूची घडणच थोडी बदलते. माणसातही याचा माग लागतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या एका जन्मजात आजारात मुलीला गर्भातच नराची संप्रेरकं जास्त मिळतात. अशा मुली लहानपणी गाड्या आणि मुलग्यांचे खेळ जास्त पसंत करतात, तरी त्यांतल्या बहुतेक जणी स्वतःला मुलगीच मानतात. त्यामुळे जाऊबाईंची कोरी पाटी खरी नाही. मूल काहीतरी घेऊनच येतं.

म्हणजे आबा जिंकले का? नाही. तेच प्रयोग पुढे नेले की त्यांचा मुद्दा ढासळतो.

उंदरांचं उदाहरण घ्या. उंदरीण आपल्या नर पिल्लांना मादी पिल्लांपेक्षा जास्त चाटते, विशेषतः शेपटीखाली. नर पिल्लांचा वास वेगळा येतो, म्हणून. सेलिया मूर या अमेरिकन संशोधिकेनं 1980 च्या दशकात आयांचा वास घेणं मंद केलं. त्यांनी पिल्लांना कमी चाटलं आणि मोठेपणी त्या नरांची मादीशी जुळण्याची पद्धत बिघडली. बघा, संप्रेरकानं वास दिला, वासानं आईचं वागणं बदललं आणि आईच्या वागण्यानं नराचं नरपण पुरं झालं. यात जन्माचं कुठे संपलं आणि संगोपनाचं कुठे सुरू झालं, ते वेगळं काढता येत नाही.

वळूला कोणी शिकवलं, असा आबांचा सवाल आहे. वळू कसा होतो, यात त्याच्या संगतीचा वाटा मोठा असतो. वासरू असताना एकटं बांधून बाटलीवर वाढवलेले वळू माणसावर जास्त धावतात आणि कळपात वाढलेले कमी, हे 1990 मध्ये हेरफर्ड जातीच्या वळूंवर दाखवलं गेलं. एकटं वाढलेलं वासरू माणसालाच आपल्या जातीचा समजतं आणि वयात आलं की त्याच्याशीच टक्कर घेतं. म्हणून तुमचा खोंड ठेवणार असाल तर त्याला पहिल्यापासून इतर वासरांत ठेवा, लाडानं कपाळ चोळून ढुशीचा खेळ शिकवू नका आणि दोन्ही मुलांना त्याच्यापाशी एकटं सोडू नका. खच्ची करण्याचंही तसंच. लहानपणी चिमटा लावला तर वळूचं वागणं फारसं उगवत नाही. पुरता वळू झाल्यावर लावला तर बैल पुढे बराच काळ जुन्या खोडी करतो. 1958 मध्ये बोक्यांवर हेच मोजलं गेलं. माद्यांचा अनुभव असलेले बोके खच्ची केल्यावरही बराच काळ तसेच वागत राहिले, अननुभवी बोके मात्र नाही. संप्रेरक गेलं तरी शिकलेलं उरलं.

आईपणाचंही बघा, कारण 'आईपण बाईला शिकवावं लागत नाही' हे वाक्य तुम्ही ऐकलंच असणार. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो यांनी माकडिणी जन्मापासून एकट्या वाढवल्या. त्या व्यायल्या तेव्हा कित्येकींनी पहिल्या पिल्लाला जवळ घेतलं नाही, काहींनी मारलंही. शरीर मादीचं, दूध होतं, पण पिल्लू कसं धरायचं हे कधी पाहिलंच नव्हतं. आपल्याकडचे धनगर हे मेंढीत बघतात. पहिलारू मेंढी कोकराला लाथ मारते, कारण तिला वासाची ओळख व्हायला व्याल्यावरचे पहिले काही तास मिळावे लागतात. कोकरू त्या वेळात उचलून नेलं तर नंतर ती घेत नाही. पुष्कळदा व्यालेली मेंढी त्यातूनही सावरते. उपाय असा की वारेतलं पाणी कोकराच्या अंगाला चोळायचं, दोघांना दोन-तीन दिवस लहान आडोशात एकत्र ठेवायचं आणि पहिल्या दिवशी मेंढीला धरून पाजायचं. संप्रेरक दार उघडतं, पण आत जायला सोबत लागते.

आणि निसर्गात 'बाईचं काम, पुरुषाचं काम' अशी एकच वाटणी असते, हेही खरं नाही. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी नर विणतो. मादी अर्ध्यावर आलेलं घरटं येऊन तपासते, पसंत पडलं तरच तो पुढचा बोगदा पुरा करतो. ते विणणंही निव्वळ जन्मजात नाही. याच कुळातल्या आफ्रिकेतल्या विणकर पक्ष्याच्या कोवळ्या नरांना हिरवी पाती हाताळू दिली नाहीत, तर पुढे त्यांना पाती धड विणता आली नाहीत. तळ्यातल्या कमळपक्ष्यांमध्ये मादी मोठी आणि भांडखोर असते, अनेक नरांशी जुळते, तर अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे असतं. आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसांत माद्यांचं राज्य चालतं. विदूषक मासळीत प्रमुख मादी मेली की तिचा नर स्वतः मादी होतो. आबांना गोठ्याचा दाखला द्यायचा असेल तर हे दाखलेही त्याच टोपलीत येतात. वळू घ्यायचा आणि सुगरण सोडायची, असं चालणार नाही.

आबांना एक गोष्ट आवर्जून सांगा, त्यांना ती पटेल. दक्षिण आफ्रिकेत पिलानेसबर्गच्या अभयारण्यात अनाथ हत्तींची पिल्लं आणून सोडली होती, थोरला नर एकही नव्हता. ती वयात आल्यावर तरण्या नरांना मस्ती (मद) लवकर आणि जास्त दिवस चढू लागली आणि 1992 ते 1997 या काळात त्यांनी चाळीसहून अधिक गेंडे मारले. 1998 मध्ये क्रुगरमधून सहा थोराड नर आणून सोडले. तरण्यांची मस्ती आटोक्यात आली, गेंडे मरायचे थांबले. मस्ती संप्रेरकाचीच होती, पण ती किती चढावी हे शेजारी कोण उभं आहे यावर ठरत होतं. आजोबांचं काम हेच आहे. नातवाला तालमीत ढकलण्यापेक्षा थोराड पुरुष रागावला तरी हात उचलत नाही, जेवल्यावर आपलं ताट आपण उचलतो, हे त्यांनी रोज त्याच्यासमोर करावं.

खेळण्यांचा दाखला तुम्हाला कोणीतरी देईलच, म्हणून तोही सांगून ठेवतो. 2002 मध्ये व्हर्वेट माकडांना खेळणी दिली तेव्हा नर चेंडू आणि गाडीपाशी जास्त रमले, माद्या बाहुली आणि स्वयंपाकाच्या भांड्यापाशी. पण माकड काही रांधत नाही, मग भांडं 'मादीचं' कसं झालं, हा प्रश्न उरतोच. 2008 मध्ये ऱ्हीसस माकडांत नरांनी चाकांची खेळणी पसंत केली, माद्या मात्र दोन्ही प्रकारांशी सारख्याच खेळल्या. शरीराचा कल असतो, एवढं यातून नक्की निघतं. पण तो कल पुष्कळ पिल्लांच्या सरासरीचा असतो, आणि त्यातलं प्रत्येक पिल्लू त्या सरासरीवर बसतंच असं नाही. तुमचा मुलगा आणि तुमची मुलगी ही दोन मुलं आहेत, सरासरी नव्हेत.

माणसाच्या बाळाचा कल तर आपण आधीच बघायला लागतो. 1976 मध्ये एकाच बाळाचा दचकल्याचा चित्रपट लोकांना दाखवला. ज्यांना तो मुलगा असल्याचं सांगितलं, त्यांना बाळ चिडलेलं वाटलं. ज्यांना मुलगी सांगितली, त्यांना ते घाबरलेलं वाटलं. 2000 मध्ये अकरा महिन्यांच्या रांगत्या बाळांच्या आयांना विचारलं की तुमचं बाळ केवढ्या उतारावरून जाईल. मुलग्यांच्या आयांनी जास्त सांगितलं, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात मुलं-मुली सारखीच उतरली. म्हणजे मुलगी एक वर्षाचीही नाही आणि तिच्या ताकदीचा अंदाज आपण खाली आणलेला असतो.

आता करायचं काय, ते सांगतो.

कामं वयावर वाटा, मुलगा-मुलगी यावर नाही. आठ वर्षांच्या मुलानं भाकरी थापावी, शेणकूट गोळा करावं, कोंबड्यांना दाणे घालावेत. सहा वर्षांच्या बहिणीनंही वासराला पाणी पाजावं आणि ताट उचलावं. कडबाकुट्टीजवळ दोघांपैकी कोणीच नको. भातुकली मोडू नका, ट्रॅक्टर काढून घेऊ नका. त्याच्यासमोर 'पोरीसारखा' आणि तिच्यासमोर 'पोरासारखी' हे शब्द मात्र बंद करा, कौतुकानं म्हटलेलेही. पाच ते सात या वयात मुलं याबाबत फार कडक असतात. मुलगी काय करते, मुलगा काय करत नाही, याचे नियम तीच एकमेकांना लावतात, आणि आपला एक शब्द त्यांना कायद्यासारखा वाटतो.

तालीम त्याच्यावर लादू नका. नुसतं बघायला जाऊ द्या, कुस्ती नको असेल तर पोहणं, धावणं, मल्लखांब विचारा. या वयात रोज तासभर अंग घामेजेल असं काहीतरी हवं, ते कोणतं असावं हे त्याला ठरवू द्या. मुलीलाही तेच. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. झाडावर चढणाऱ्या पोरीला हाक मारून खाली बोलावण्याआधी फांदी किती जाड आहे ते बघा.

शाळेत चिडवत असतील तर वर्गशिक्षकांना भेटून कोण, कधी, काय म्हणतं ते नेमकं सांगा. मोघम तक्रारीवर काही होत नाही. घरी त्याला एक साधं वाक्य तयार करून द्या, 'मला आवडतं म्हणून करतो.' जेवण कमी होणं, शाळेत जायला पोटदुखीचं निमित्त, अंथरूण ओलं होणं असं काही सुरू झालं, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. दुरुस्त करायचा असतो तो त्याला होणारा त्रास. त्याची आवड दुरुस्त करायची नसते. आठ वर्षांच्या खेळावरून तो मोठेपणी कसा होईल, हे कोणी सांगू शकत नाही, आणि पुढे काहीही निघालं तरी तो आजार नाही. कोणाचा असा कल 'बरा करून देतो' म्हणणाऱ्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. असं सांगणारा डॉक्टर भेटला तर तिथून उठून या.

आणि ते इंजेक्शन कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. ते टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं संप्रेरक असतं. वाढत्या मुलाला दिलं तर हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या जागा वेळेआधी भरून निघतात आणि उंची तिथेच थांबते. आवाज फुटतो, अंगावर केस येतात, आणि भाकरी थापायची आवड तिथेच राहते, कारण तिचा त्याच्या रक्तातल्या संप्रेरकाशी या वयात काही संबंध नसतो. आठ वर्षांच्या मुलात ते नैसर्गिकरीत्याच नगण्य असतं, सगळ्याच मुलांत. या संप्रेरकांची तपासणी या वयात सहसा एकाच कारणानं करावी लागते. मुलाला 9 वर्षांच्या आत किंवा मुलीला 8 वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या, उंची एकदम वाढायला लागली, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात आणि गरज असेल तरच पुढच्या तपासण्या सांगतात.